पोचल्याचं कळवा

साहेबांनी फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये मजकूर दिसत नाही, नुसती अटॅचमेंट जाते, अशी तक्रार सकाळी कॉम्प्युटर विभागात आली आणि धाकटा वायरींचा गुंता बाजूला सारून उठला. तक्रार अगदी किरकोळ होती. फॉरवर्ड करताना मूळ मेल खाली मजकुरात उतरवायचा की बंद पाकिटासारखा जोडायचा, याची निवड कॉम्प्युटरमध्ये करून ठेवलेली असते. कुणाचा तरी चुकून हात लागतो आणि ती बदलते. पुन्हा पूर्वीसारखी केली की काम संपलं. चहा निवायच्या आत परत येऊ, अशा हिशेबाने त्याने भरलेला कप टेबलावर तसाच ठेवला.

धाकटा आता तसा काही धाकटा राहिला नव्हता, कानशिलं पांढरी व्हायला लागली होती. पण रंगाच्या त्या कारखान्यात त्याची बहीण सुरक्षा तपासनीस होती, तिला शिपायापासून मालकापर्यंत सगळे ताई म्हणत, म्हणून हा धाकटा. बॉयलरघराचा स्फोट झाला आणि ताई त्यात गेली, त्यालाही बरेच महिने झाले. थोरली गेली तरी याचं नाव काही बदललं नाही.

जिना चढताना आज काय आहे ते त्याला आठवलं. खरं तर विसरला होताच कुठे? आज दुपारी चौकशी समिती बसायची होती. व्हॉल्व्ह खराब असताना बॉयलर पेटवायला परवानगी कुणी दिली, एवढाच तिच्यापुढे प्रश्न होता आणि उत्तर सगळ्यांना पाठ होतं. ताईने दिली. तिचा मेलच होता तसा. तो साहेबांकडे आला आणि साहेबांनी मालकांना फॉरवर्ड केला : ‘व्हॉल्व्ह तपासला. बॉयलर सुरू करायला हरकत नाही.’ ताईचा कॉम्प्युटर तिच्याबरोबर जळाला, तिचं खातं धाकट्याने स्वतःच्या हाताने बंद केलं, आणि मागे राहिला तो साहेबांनी पुढे पाठवलेला मेल. समितीला तो आज साहेबांच्या खात्यातून थेट हवा होता. एकदा तो दप्तरी लागला की ताईबरोबर जळालेल्या कामगारांचं मरण तिच्याच नावावर कायमचं चिकटणार होतं.

आईने त्या दिवसापासून दारात बसणं सोडलं होतं. गेलेल्यांपैकी एकाची बायको समोरच्याच गल्लीत राहायची. “माझी पोर असं लिहायची नाही,” एवढंच आई पुन्हा पुन्हा म्हणायची. धाकटा मूग गिळून बसायचा, कारण तो मेल त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता. मनातून तो ताईवर चिडलाही होता. इतकी काटेकोर बाई, आणि नेमकी तिथे कशी चुकली? चिडायचा आणि मग स्वतःचीच लाज वाटून पाण्याचा ग्लास तोंडाला लावायचा.

एक गोष्ट तेवढी त्याला खटकली होती. ताईच्या प्रत्येक मेलखाली ‘पोचल्याचं कळवा’ असं असायचं, वाढदिवसाच्या शुभेच्छांखालीसुद्धा. सगळे त्यावरून तिची चेष्टा करायचे. त्या मेलखाली ते नव्हतं. घाईत राहिलं असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

साहेबांच्या केबिनमध्ये लिंबाच्या वासाचा फवारा मारलेला होता. खिडकीच्या काचेतून खालचं आवार दिसायचं आणि आवाराच्या टोकाला काळं पडलेलं बॉयलरघर. त्याचं लोखंडी दार स्फोटातच उडालं होतं; तिथे आता नुसतं भगदाड आणि त्यावर बांधलेली पिवळी पट्टी.

“या धाकटे. बसू नका, उभ्यानेच बघा. मला वेळ नाही,” साहेब म्हणाले. “आणि तुमच्या ताईंबद्दल मला वाईट वाटतं बरं का. पण काम ते काम.”

धाकट्याने दात आवळले आणि कीबोर्ड पुढे ओढला.

निवड बरोबर होती. मजकुरात उतरवा, असंच तिथे होतं. त्याने ती बदलली, पुन्हा जागेवर आणली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ड्रायव्हरच्या रजेचा मेल समोरच होता, तो साहेबांनीच बाहेर बसणाऱ्या सेक्रेटरीबाईंना फॉरवर्ड केला.

“आला हो,” बाई बाहेरून ओरडल्या. “अटॅचमेंटच आहे!”

मग धाकट्याने एकेक शक्यता खोडायला घेतली. बाईंच्या कॉम्प्युटरवर साहेबांचं खातं उघडलं, तरी अटॅचमेंट. साहेबांच्या कॉम्प्युटरवर बाईंचं खातं उघडलं, मेल व्यवस्थित गेला. साहेबांच्या फोनवरून, अटॅचमेंट. सर्व्हरवर कुणी गुपचूप नियम लावून ठेवलाय का, तेही पाहिलं. काही नव्हतं. दोष यंत्रात नव्हता, प्रोग्रॅममध्ये नव्हता, जो काही होता तो साहेबांच्या पाठवण्यात होता. असं कधी होत नाही. त्याने मान खाजवली आणि बाहेर जाऊन बाईंच्या खुर्चीमागे उभा राहिला.

“उघडून तर बघा,” तो म्हणाला.

बाईंनी अटॅचमेंट उघडली आणि तोंडावर हात ठेवला. साहेबांनी पाठवताना खाली काय लिहिलं, ते धाकट्याने पडद्यावर पाहून बाईंना सांगितलं होतं, ‘घरगुती कारणासाठी रजा मिळावी, ही नम्र विनंती.’ आतला मेल म्हणत होता, ‘साहेब, सारखी गाडी चालवून मला काल चक्कर आली. आता तरी रजा द्या.’

“हात फिरवलाय,” बाई कुजबुजल्या आणि हसू दाबत राहिल्या.

ही साहेबांची जुनी पद्धत. खालून वर जाणारा प्रत्येक मेल त्यांच्या हातूनच जायचा, आणि ते त्यावर हात फिरवून तो पुढे धाडायचे. कुणाचं शुद्धलेखन सुधार, कुणाचा सूर मवाळ कर. फॉरवर्ड करताना मूळ मजकुरातही खाडाखोड करता येते. वर लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ तशीच राहते, आतले शब्द मात्र तुमचे. हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. सगळे त्यावर हसायचे. इतकी वर्षं हसण्यातच गेली आणि त्यापुढे विचार करायचं कुणाला सुचलं नाही, धाकट्यालाही नाही.

आता सुचलं.

तो आत आला तेव्हा साहेब खिडकीशी होते. “काय निघालं?”

“अटॅचमेंट म्हणून गेला की मेल बंद पाकिटात जातो, साहेब. जसा आला तसा. त्यात काही बदलता येत नाही.”

“म्हणजे मी जे सुधारतो ते...”

“ते जात नाही.”

साहेबांनी रुमाल काढून मान पुसली. केबिनमध्ये गारवा होता तरी पुसली. “पण ज्याचं मूळच आपल्याकडे राहिलेलं नाही,” ते सावकाश म्हणाले, “माझ्याकडे फक्त मी पुढे पाठवलेली प्रत आहे, असा मेल असेल तर? मग तीच प्रत जाईल ना?”

“तीच जाईल. दुसरं येणार कुठून?”

साहेबांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. स्टोअरवाले होते. साहेबांच्या गेल्या वर्षीच्या एका मेलला आज अचानक अटॅचमेंट दिसतेय, ती आधी नव्हती, उघडू का, असं विचारत होते. तो फोन ठेवतात तोच हिशेब खात्याचा आला. मग फाटकावरच्या पहारेकऱ्याचा. मग बाहेर बाईंचा फोन वाजायला लागला आणि तो थांबेचना.

धाकट्याने बाईंच्या कॉम्प्युटरवर साहेबांचे जुने मेल काढले. एकूणएक मेलला अटॅचमेंट होती. येण्याची वेळ जुनीच. बदल केल्याची नोंद नाही. पोचलेला मेल बदलत नाही, हे तो नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकला होता. आजवर या गोष्टीवर त्याने डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

तो पुन्हा आत गेला आणि दार लावून घेतलं.

“साहेब, ताईच्या मेलवर तुम्ही हात फिरवला होता?”

“माल वेळेवर जायचा होता. वरून दबाव होता. मी फक्त भाषा थोडी...”

“हात फिरवला होता का?”

“तुम्हाला नाही कळायचं ते!” साहेब ओरडले. “वायर काढा याची. आज काही पाठवायचं नाही. काढा म्हणतो ना!”

धाकटा जागचा हलला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. साहेब स्वतःच गुडघ्यांवर बसले, टेबलाखाली शिरले आणि हाताला लागेल ती वायर उपटून बाहेर आले. नेटवर्क तुटल्याची खूण पडद्यावर आली. दोघांनी ती पाहिली.

आणि दोघांच्या डोळ्यांदेखत मेल गेला. समितीला.

बाहेर फोन वाजला. बाईंनी दार किलकिलं केलं. “साहेब, समितीचे अध्यक्ष लाइनवर आहेत. म्हणतायत, अटॅचमेंट वाचली. तुम्हाला लगेच बोलावलंय.”

धाकट्याने ती उघडली. वर ताईचं नाव होतं.

‘साहेब, व्हॉल्व्ह अडकतोय. तो बदलल्याशिवाय बॉयलर पेटवू नका, माणसं मरतील. माझ्यावर विश्वास नसेल तर स्वतः बॉयलरघरात या, मी दाखवते. तुम्ही येईपर्यंत इथून हलणार नाही. पोचल्याचं कळवा.’

धाकट्याने ते पुन्हा वाचलं. तिने लिहिलं होतं. ताईने लिहिलं होतं. त्याला रडू फुटलं. आईने न वाचताच जे ओळखलं ते आपल्याला वाचूनही कळलं नाही, याची लाज त्या रडण्यात होती. पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी आत चढत होतं. समोरच्या माणसाला मरताना बघावं, असं त्याला वाटलं. अगदी स्पष्ट, त्याच शब्दांत वाटलं.

कॉम्प्युटर किणकिणला. नवा मेल.

वायर जमिनीवर पडलेली होती.

साहेबांनी तो वाचला. मग ते उठले, शर्टाच्या बाह्या नीट केल्या.

“मला खाली बोलावलंय,” ते म्हणाले.

“समितीने?”

साहेबांनी मान हलवली. नाही.

धाकट्याने त्यांना खिडकीतून पाहिलं. भर दुपारी, रिकाम्या आवारातून ते सरळ चालत गेले. पिवळ्या पट्टीपाशी थांबून त्यांनी एकदा वर बघितलं. धाकटा काच ठोकू शकला असता. हाक मारू शकला असता.

त्याने हात खिशात घातले.

साहेब वाकून आत गेले. थोड्या वेळाने लोखंडी दार लागल्याचा आवाज झाला.

त्या खोलीला दार नव्हतं.

पहारेकऱ्यांनी बॉयलरघराचा कोपरा न् कोपरा पाहिला. गार राख आणि वाकलेले पाइप, बाकी काही नाही. साहेबांची गाडी फाटकाशीच उभी राहिली. चौकशीला घाबरून पळाले, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. समितीने ताईचा मेल दप्तरी लावून घेतला आणि दोष ज्याचा होता त्याच्या नावावर लिहिला. आई पुन्हा दारात बसायला लागली. एके संध्याकाळी समोरच्या गल्लीतली ती बाई आली आणि काही न बोलता आईजवळ टेकली. अंधार पडेपर्यंत दोघी तशाच बसून होत्या. धाकट्याला फार दिवसांनी शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी कामावर आल्यावर त्याने चहा घेतला आणि मेल उघडले. सगळ्यात वर ताईचं नाव होतं.

ते खातं बंद होतं. त्यानेच बंद केलं होतं.

मेल फॉरवर्ड केलेला होता. ताईचा स्वतःचा मजकूर एका ओळीचा, खाली एक अटॅचमेंट. ताई नेहमी अशीच पाठवायची, जसं आलं तसं. दुसऱ्याच्या शब्दाला हात लावणं तिला आवडत नसे.

त्याने अटॅचमेंट उघडली. मेल साहेबांचा होता, नुकताच लिहिलेला.

‘दार आतून उघडत नाही. फार गरम होतंय. बॉयलर बंद करा, कुणीतरी या. मी इथेच आहे. कृपा करून कुणीतरी या.’

धाकटा उठून खिडकीशी गेला. बॉयलरघर नेहमीसारखंच काळं आणि थंड होतं. भिंतीवर एक कावळा बसला होता, तो उडाला आणि पुन्हा येऊन बसला. धाकटा बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग जागेवर येऊन त्याने ताईची ती एक ओळ वाचली.

‘पोचल्याचं कळवा.’

चहा अजून गरम होता. त्याने एक घोट घेतला, कीबोर्ड पुढे ओढला आणि लिहिलं, ‘पोचलं.’