निकालाचं रीळ

निर्माते गिल्बर्ट पर्किस यांच्या टेबलावर फिल्मचा डबा उघडा पडला होता. आतल्या रिळाला उजेड लागला होता आणि काल केलेलं सगळं चित्रण गेलं होतं.

चित्रपट होता १९१७ सालच्या एका लष्करी खटल्याचा. पळपुटा ठरवून आपल्याच लोकांनी गोळ्या घातलेल्या शिपायाची गोष्ट. भाड्याचा सेट उद्या मोडायचा होता; पुन्हा चित्रण शक्य नव्हतं.

खाजगी गुप्तहेर लायनेल मार्श यांनी डब्यावरची चिकटपट्टी निरखली. कापलेली कड करवतीसारखी दातेरी होती.

"कुणीतरी चित्रपट बुडवायला निघालंय," त्यांचा सहकारी डॉबसन म्हणाला.

"मग शेजारचे अकरा डबे का सोडले?"

काल संध्याकाळी स्टुडिओत तिघंच मागे राहिले होते. मार्शनी प्रत्येकाला एकच विचारलं, डब्यात काय होतं? पर्किस म्हणाले, निकाल. नायक ह्यू रेनर म्हणाला, आपला आजवरचा सर्वांत चांगला अभिनय. कपडेपटाच्या मिसेस ऑल्ड्रिज गणवेशाला बटण लावत होत्या. वय सदुसष्ट.

"त्यात शिपायाचा लष्करी नंबर वाचतात ना, तो प्रसंग," त्या म्हणाल्या, आणि चहा घेणार का, असं विचारलं.

दुपारी मार्शनी तिघांनाही न्यायालयाच्या सेटवर बसवलं.

"पट्टी दातेरी कात्रीने कापली आहे. शिवताना कापडाचे दोरे निघू नयेत म्हणून ती वापरतात, आणि ती कपडेपटात असते. पण रेनरही तिथेच कपडे बदलतात, म्हणून तेवढ्यावर काही ठरत नव्हतं. डबा मात्र एकच बिघडवला. म्हणजे अख्खा चित्रपट नको होता असं नाही, त्यातलं एक वाक्य नको होतं. बाकीच्यांना निकाल आठवला, अभिनय आठवला. तो नंबर मात्र एकीलाच आठवला."

"पण आम्ही शिपायाचं नाव बदललं होतं," पर्किस म्हणाले.

"आणि नंबर?"

नंबर बदलायचा राहिला होता. चित्रपटाच्या लेखकाचे वडील त्या खटल्यात कारकून होते. त्यांच्या जुन्या कागदांतून तो जसाच्या तसा आला होता.

मिसेस ऑल्ड्रिजनी सुई खाली ठेवली. "तीन हजार चौऱ्याहत्तर. माझे मिस्टर. माझ्या स्टॅनलीला वाटतं, ते लढताना गेले. त्यांची पत्रं त्याला पाठ आहेत, नंबरासकट. आणि पडद्यावर आईचं नाव येणार म्हणून तो पहिल्याच दिवशी येणार होता."

"अहो, एका शब्दाने सांगायचं होतं," पर्किस म्हणाले. "चार आकडेच तर बदलायचे होते."

"का बदलायचे, ते सांगावं लागलं असतं. सत्तेचाळीस वर्षांत ते मला जमलं नाही, साहेब."

डॉबसनने मान खाली घातली. पोलिसांकडे कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सेट मोडला आणि चित्रपट तिथेच थांबला.

रविवारी जेवणं झाल्यावर मिसेस ऑल्ड्रिजनी मुलाला सगळं सांगितलं. स्टॅनलीने एवढंच विचारलं, "किती वाजता?"

"पहाटे पाच वीसला," त्या म्हणाल्या. "तू नुकताच झोपला होतास."