पान्याचे तीन ठोके

भाचेबुवा, मघाशी फाटकातून गाडी आत घेताना तुमचं स्टेअरिंग कण्हत होतं. पूर्ण वळवलं की घूंऽऽ करतं. कधीपासून? महिना झाला? आणि तुम्ही इलाज म्हणून गाण्याचा आवाज वाढवलात. उत्तम. रक्ताचं नातं नसताना माझ्या साडूवर गेलात.

बसा सगळे. पायरीवरचा दिवा राहू दे बंद, किडे येतात. सांगतो ती थाप नाही. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि थाप मारायला लागते तेवढी अक्कल साडूला नाही.

साडू म्हणजे तुमच्या मामीच्या बहिणीचा नवरा. गाडी रोज फडक्याने चकचकीत करणार, आरशाला अत्तराची कुपी लटकवणार, पण बॉनेट उघडायचं म्हटलं की याच्या कपाळाला आठ्या. वर कीर्तन, आत तमाशा. माझ्या सुट्या भागांच्या दुकानाशेजारी एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. हात सोन्याचे, तोंड गटाराचं. गिऱ्हाईक म्हणजे देवाने गाड्यांना दिलेली शिक्षा, असं त्याचं स्वच्छ मत होतं. साडूला पाहिल्यापासून ते जास्तच पक्कं झालं.

आता हे पॉवर स्टेअरिंग म्हणजे काय? एक पंप आणि थोडं तेल. स्टेअरिंग तुम्ही फिरवता, जोर तेल लावतं. तेल कमी झालं की आत हवा शिरते आणि ते कण्हायला लागतं. हवा काढायची तर पुढची चाकं जॅकवर उचलायची, आणि आत बसलेल्याने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. मिस्त्री गाडीखाली. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून तो पान्याने खालच्या पत्र्यावर ठोके द्यायचा. एक ठोका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे थांब. एकदा त्याने साडूलाच आत बसवलं. या गृहस्थाला जेवायचा हात कुठला ते आठवून डावं-उजवं ठरवावं लागत होतं. तीन ठोके पडले तरी थांबेना. शेवटी मिस्त्री बेंबीच्या देठापासून ओरडला, "हात काढ, गाढवा."

पुढे पाइप गळायला लागला. मिस्त्रीने बजावलं, पाइप बदलल्याशिवाय गाडी हलवायची नाही, पंप जाम होईल, पट्टा तुटेल. गाडी गॅरेजसमोर उभी राहिली. पण नवा पाइप माझ्या दुकानात यायच्या आत मिस्त्रीच गेला. भर दुपारी, हातात चहाचा कप असताना. त्याच्या बायकोने सांगितलं म्हणून हत्यारांची पेटी मी त्याच्या घरी नेऊन माझ्या हाताने बंद केली. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. त्याचा लाडका पाना सगळ्यात वर होता. कोरडा, स्वच्छ. पुसल्याशिवाय पाना आत ठेवला असं त्याच्या हातून कधी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी, गेल्या वर्षीच्या जानेवारीची एकतीस तारीख, साडूची मुलगी शेवटच्या बसने घरी यायची होती. एकुलती एक, परगावी नर्सचं शिकत होती. बस फाट्यावर सोडते, पुढे कालव्याच्या कडेचा रस्ता आणि दिव्याच्या नावाने शंख. मी म्हटलं, माझी गाडी घेऊन जा. तर म्हणे, "माझ्या पोरीला दुसऱ्याच्या गाडीतून आणायला मी काय मेलोय?"

घरातल्या दुसऱ्या किल्लीने गाडी काढली पठ्ठ्याने. त्याआधी स्टेअरिंगच्या तेलाची डबी उघडून बघितली, ती रिकामी. मग काय केलं? घरातून स्वयंपाकाच्या तेलाची पिशवी आणली, कोपरा दाताने तोडला आणि ओतली. वर मला म्हणतो, तेल ते तेल. मग पाणी ते पाणी म्हणून गटारातलं प्या की.

हसू नकोस रे. तुझ्या डबीत काय आहे ते तू तरी कधी बघितलंस?

रात्री पावणेअकराला निघाला. आधी सगळं ठीक. मग गाडीत तळणीचा वास सुटला. गळक्या पाइपातून तेल तापलेल्या इंजिनावर पडत होतं. साडूला भूक लागली. खरंच, त्यानेच सांगितलंय.

कालव्याचं वळण आलं आणि पंप जाम झाला. पट्टा तुटला. स्टेअरिंगचा दगड झाला. त्याच पट्ट्यावर चार्ज होणारी बॅटरी आधीच शेवटच्या घटका मोजत होती, तीही याने बदलली नव्हती. दिवे पिवळे पडले... मग गेले.

उतार होता. शहाणा माणूस ब्रेक दाबतो. साडूने डोळे मिटले.

आणि खालून आवाज आला.

टक.

पायाखालच्या पत्र्यावर. धावत्या गाडीच्या.

एकच ठोका... डावीकडे.

विचार करायला वेळ नव्हता. त्याने अंग टाकून स्टेअरिंग ओढलं. उजव्या खिडकीत पाणी चमकलं, मागे गेलं.

टक. टक.

उजवीकडे. ओढलं.

मग काहीच नाही. अंधार. इंजिन. स्वतःचा श्वास...

टक. टक. टक.

जन्मात पहिल्यांदा साडू तिसऱ्या ठोक्याला थांबला. दोन्ही पायांनी ब्रेक दाबून.

समोर कुणीतरी रडत होतं.

मुलगी. तिचा मोबाइल बंद पडलेला, वाट बघून चालत निघालेली. गाडी कालव्यावरच्या पुलावर आली होती, पूल अरुंद. बाजूला व्हायला जागा नाही. गाडी दिसली नव्हती, नुसती ऐकू आली होती. तिचे गुडघे बंपरला टेकले होते.

मी साडूला आयुष्यभर हसत आलोय. पण त्या गुडघ्यांवर कधी हसलो नाही.

तो धडपडत उतरला, तिचा हात धरला. ती हलेना. गाडीच्या खाली बघत होती.

"बाबा, आधी त्यांना बाहेर येऊ द्या."

"कुणाला?"

"खाली आहेत त्यांना. ते तुम्हाला म्हणाले ना... हात काढ, गाढवा."

साडूने मोबाइलचा उजेड खाली टाकला.

तेलाने ओला रस्ता. बाकी... कुणी नाही.

मिस्त्री गेल्याचं तिला माहीत नव्हतं. आणि ती शिवी तर तिच्या कानावर जाणंच शक्य नव्हतं. स्वतःला पडलेली शिवी घरी सांगणारा माणूस साडू नव्हे.

बापलेक चालत घरी आले. सकाळी साडूने मला सगळं सांगितलं, तेलाच्या पिशवीसकट. उठलो आणि मिस्त्रीच्या घरी गेलो. पेटी होती तिथेच. कुलूप तसंच. किल्ली माझ्या खिशात.

उघडली.

पाना सगळ्यात वर होता... ओला. पुसलेला नव्हता.

नाकाशी नेला.

स्वयंपाकाचं तेल.