पडद्यातली फट

बसा जवळ. शेकोटीत अजून दोन पऱ्हाट्या टाका. ही कुठं वाचलेली गोष्ट नाही. आमच्या गल्लीतल्या शालिग्रामवर गुदरलेलं आहे, आणि तो काहीबाही बोलणारा माणूस नव्हे.

अठ्ठ्याण्णव सालची पौष अमावास्या. मंगळवार. शालिग्राम संध्याकाळच्या एस.टी.नं धुळ्याहून जळगावला निघाला. सोबत हत्यारांची पेटी आणि बायकोनं, कमलबाईनं, बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी. काम नेहमीचंच. चंपालालशेठच्या कारखान्यात मोटारपंपांची पत्र्याची झाकणं ठोकणारी मोठी प्रेस होती, तिला लाइटचा पडदा बसवायचा होता.

पडदा म्हणजे कापड नव्हे. प्रेसच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन खांब. एकातून किरण निघतात, दुसऱ्यात शिरतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मधे नुसतं बोट आलं तरी हिरवा दिवा लाल होतो आणि प्रेस असेल तिथं थांबते. दिवाळीनंतर त्या प्रेसवर झिपरू नावाचा कामगार गेला होता. म्हणून तर पडदा आला.

रात्रपाळी बंद ठेवली होती. शेडमध्ये शालिग्राम आणि वॉचमन तोताराम, दोघंच. थंडी मी म्हणत होती. शालिग्रामनं प्रेस थांबायला किती वेळ घेते ते पाहिलं. हात आत पोचायच्या आधी ती थांबली पाहिजे, त्या हिशेबानं अंतर धरून खांब उभे केले, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं.

लाल.

त्यानं काचा पुसल्या, खांब पुन्हा ओळंब्यात घेतले. तरी लालच. खांबावर एकेका किरणाचा एकेक बारीक दिवा असतो. वरचे सगळे लागले होते, खालचेही. छातीच्या उंचीचे चार मात्र विझलेले.

"तोताराम, मधे काही लटकतंय का बघ बरं."

"काहीच नही शे, भाऊ." तोतारामनं विझलेल्या दिव्यांकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाला, "झिपरू आठेच हात घाले. दोन्ही हात मनगटपाईन ग्यात त्याना. दवाखानापावत पोचना नही."

ऑफिसात जाऊन शालिग्रामनं शेठला फोन लावला.

"शालिग्रामभाऊ, सकाळी पाळी सुरू व्हायलाच पाहिजे," शेठ झोपेतून म्हणाले. "कारखाना तपासायला सरकारी साहेब येणार, त्यांना हिरवा दिवा दिसला म्हणजे झालं. ते चार किरण सोडून द्या ना."

"शेठ, नेमकी तीच हात घालायची जागा आहे."

"मग सावकाश करा दुरुस्त. आज तेवढं निभवा."

तसं करता येतं. खांबाच्या झाकणाखाली बारीक स्विच असतात. ज्या किरणाचा स्विच पाडाल, तो किरण तुटला तरी पडदा गप्प राहतो. शालिग्रामचं मन घेईना. पण रात्र बरीच झाली होती, अंग गारठलं होतं. त्यानं चार स्विच पाडले.

हिरवा दिवा लागला. आता पडद्यात एक फट होती. हात जाईल एवढी.

तोताराम फाटकावर चक्कर मारायला गेला. शालिग्रामनं एक ठोका घेऊन बघायचं ठरवलं. डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, पत्रा ठेवला. पत्रा जरा तिरपा बसला. सरळ करायला त्यानं हात घातला... त्याच फटीतून.

मागं कुणीतरी श्वास घेतला.

त्याला वाटलं, तोताराम परत आला. "काय रे?"

फाटकाकडून तोतारामची काठी वाजत होती. लांबून.

शालिग्रामचा हात आतच. पायडलवर पाय नव्हता. दिवा हिरवाच. आणि वर... प्रेस खाली सोडणारा क्लच सुटल्याचा आवाज.

त्याला हलता येईना.

मग मागून कुणीतरी काखेखालून मिठी घातली. गच्च. आणि ओढलं.

तो पाठीवर पडला. प्रेस खाली आली. जमीन हादरली.

मागं कुणी नव्हतं. तोताराम धावत आला तेव्हा शालिग्राम आपली बोटं एकेक करून चाचपत होता.

मग तो उठला. त्यानं झाकण उघडलं आणि चारही स्विच वर केले.

दिवा हिरवाच राहिला. सगळे किरण आरपार.

सकाळी शेठ आले. शालिग्राम त्यांना म्हणाला, "पडदा पुरा राहील. पुन्हा कुणी स्विच पाडले तर मी खांब उपटून नेईन." शेठनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. क्लच उघडून बघितला, त्यात काही दोष निघाला नाही. पुढं सुकदेव नावाचा माणूस त्या प्रेसवर लागला. त्याला कधी खरचटलंसुद्धा नाही.

शालिग्राम दुपारी घरी पोचला, अंघोळीसाठी कपडे काढले. कमलबाईनं बनियन उचललं आणि तिथंच थबकली.

"हे कशाचं हो?"

स्वेटरला काही नव्हतं. शर्टालाही नव्हतं. आतल्या पांढऱ्या बनियनवर, छातीच्या दोन्ही अंगांना, तेलाचा एकेक काळा डाग होता. बोटांचा ठसा नव्हता. तळव्याचा नव्हता.

गोल... मनगटाएवढा.