परक्या लोकरीची जकात

शेगडीत अजून दोन ओंडके सारा रे पोरांनो, आणि मग ऐका. येफीम बुर्दुकोव माझ्या बापाचा सोबती. त्याच्या खांद्यावर बसून मी सिटकाचं बंदर पाहिलंय. तेव्हा ही काही उडत उडत ऐकलेली गोष्ट नाही, त्याच्याच तोंडची आहे.

रशियाने आपला हा मुलूख अमेरिकेला विकला. रशियाचा झेंडा उतरून अमेरिकेचा चढला, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. पहिले काही महिने कुणाचं काही अडलं नाही. मग वॉशिंग्टनहून कायदा आला. तिकडची जकात, तिकडचा महसूल, सगळं आता इथेही लागू. दक्षिणेला इंग्रजांची व्यापारी ठाणी. आपली माणसं पिढ्यान् पिढ्या तिथून लोकरीची ब्लँकेटं आणायची. तीच ब्लँकेटं रातोरात परदेशी माल झाली, आणि आणणारा चोर.

जकातीवर प्रूइट नावाचा साहेब आला. त्याला वल्ही मारायला आणि इथल्यांचं बोलणं समजावून सांगायला माणूस हवा होता. येफीम चिकटला. पितळी बटणांचा कोट मिळाला. बायकोपुढे तो घालून दोनदा मिरवलासुद्धा.

आपल्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळची आदली रात्र होती. येफीमची बायको दुन्या गव्हाची खीर शिजवून बहिणीची वाट बघत बसली होती. तेवढ्यात साहेबाचा निरोप आला, समोरच्या बेटावर जाळ दिसतोय, जरा बघून येऊ. साधं काम. येफीमने टोपी घातली नि निघाला.

बेटावर दुन्याचीच बहीण होती, पारास्केवा. वारा उठला म्हणून होडी वर ओढून खडकाच्या आडोशाला, विझत आलेल्या जाळाशी बसलेली. मांडीवर तान्हं.

"भावजी! देवासारखे आलात," ती म्हणाली. "पोराला ताप आहे हो. मला तुमच्या नावेत घ्या."

साहेबाने कंदील वर धरला. तिच्या अंगावर ब्लँकेट, पोराभोवती ब्लँकेट, होडीत आणखी दोन.

"विचार तिला, कुठली आहेत?"

"इंग्रजांकडची," ती म्हणाली. "नवऱ्याला जाऊन वर्ष होतंय ना. वर्षाच्या विधीला लोकांत वाटायची आहेत. तुम्हाला काय ठाऊक नाही, भावजी?"

"जकात भरलीस का, विचार."

"जकात म्हणजे काय?"

येफीमने ते साहेबाला सांगितलं. साहेब पोट धरून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "माल जप्त. माल आणणारी होडीपण जप्त. कायदाच आहे तसा."

"साहेब, थंडी फार आहे... नावेत जागा आहे आपल्या..."

"नाव सरकारी आहे. आणि थंडीचं म्हणशील, तर जमीन आपण विकत घेतली, थंडी वर फुकट मिळाली. तिच्यावर जकात नाही म्हणावं. घे हवी तेवढी."

"काय म्हणाले ते, भावजी?"

आता येफीमने काय बोलावं? ही माझी मेव्हणी आहे, एवढं जरी साहेबाला सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण चोरट्या मालाशी नातं निघालं तर नोकरी जाणार. तो म्हणाला, "सकाळी न्यायला येतो म्हणाले."

पोराभोवतीचं ब्लँकेट त्याने स्वतःच्या हातांनी सोडवलं. पोर रडलं नाही. नुसतं बघत राहिलं.

तिची होडी मागे बांधून दोघे परत आले. बंदराला लागेपर्यंत हिमवादळ सुरू झालं होतं. साहेबाने येफीमला घरी जाऊ दिलं नाही. माल सांभाळायला जकातीच्या कोठीतच बसवलं. येफीमलाही ते बरंच वाटलं. घरी जाऊन दुन्याला तोंड कसं दाखवायचं?

शेगडी रसरसून पेटलेली. मध्यरात्रीच्या प्रार्थनेची घंटा वाजली, तेव्हा दारावर थाप पडली. हळूच.

"कोण आहे?" साहेबाने विचारलं.

बाहेरून आवाज आला, "भावजी... सांगा ना त्यांना..."

साहेबाने दार उघडलं. बर्फ. सपाट. पाऊलसुद्धा नाही.

दार लावून तो परत बसला आणि कुडकुडायला लागला. एक ब्लँकेट ओढलं. मग दुसरं. मग उरलेली दोन्ही. जितकं पांघरावं तितका जास्त थरथरायला लागला. ओठ निळे पडले.

"येफीम... हे काढ..."

येफीमने पाहिलं. ब्लँकेटांखाली, साहेबाच्या छातीवर, काहीतरी फुगून आलं होतं. एवढंसं. ते हललं. वर सरकलं. थांबलं. आणि चोखल्यासारखा आवाज...

"काढ रे..."

येफीम उठला नाही.

आवाज चालू राहिला. मग साहेबाचा हात खाली लोंबला.

मग कंदील विझला.

अंधारात ब्लँकेट सरकलं. जमिनीवर काहीतरी रांगत आलं. येफीमच्या गुडघ्याला लागलं. मांडीवर चढलं. कोटाचं एक बटण सुटलं... दुसरं...

सकाळी शिपायांनी दार फोडलं. शेगडी अजून धगधगत होती. तिच्या शेजारी साहेब लाकडासारखा गोठलेला, दाढीत बर्फ. लष्करी डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. येफीम कोपऱ्यात बसला होता, कोट गळ्यापर्यंत घट्ट धरून.

वादळ थांबल्यावर लोक बेटावर गेले. पारास्केवा खडकाला टेकून बसली होती, पोर छातीशी. दोघांना वेगळं करता येईना. एकाच पेटीत पुरलं. दुन्या त्याच दिवशी माहेरच्यांकडे गेली. येफीमशी पुन्हा एक शब्दही बोलली नाही.

येफीम त्यानंतर खूप वर्षं जगला. पण गावच्या हमामखान्यात कुणी त्याला कधी पाहिलं नाही. भर उन्हाळ्यातही सदऱ्याचं बटण काढायचा नाही.

गेला तो ऑगस्टमध्ये. करणारं कुणी नव्हतं, म्हणून अंघोळ मी आणि पाद्रीबाबांनी घातली. सदरा फाडला. डाव्या छातीवर एक निळा वण होता. गोल. तान्ह्याच्या तोंडाएवढा.

मी वरून पाणी ओतलं. कढत पाणी होतं रे, माझे हात भाजत होते...

त्या एवढ्याशा जागेवर ते गोठलं.