रेव्हरंड व्हिटन यांची एकोणिसावी कादंबरी

ज्यांना हे पटणार नाही त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. मला कुणाला पटवायचं नाहीये. पण हे घडलंय, आणि जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे. विभावरी.

तारीखही सांगते. १७ जानेवारी २०२१, रविवार.

ठिकाण... आयर्लंडमधल्या एनिस गावाबाहेरचं एक जुनं घर.

वेळ रात्रीची नव्हती. दुपारची होती. साडेतीन ते पाच.

विभावरी तेव्हा एकेचाळीस वर्षांची. पुण्यात फ्रेंच शिकली होती आणि इथे एका मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत फ्रेंच कागदपत्रांचं इंग्रजी करायची. नवरा मुकुल जवळच्या शॅनन गावातल्या कारखान्यात इंजिनियर. त्याची आई, नंदाकाकू, फेब्रुवारी २०२० मध्ये नागपूरहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकल्या. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोघांची ऑफिसं आणि काकू, असं जमेना. म्हणून सप्टेंबरात त्यांनी हे घर भाड्याने घेतलं.

घर म्हणजे प्रोटेस्टंट पाद्र्याचं जुनं निवासस्थान. बैठं, दगडी, बाहेरच्या भिंती हातभर जाड. मालकीणबाई नोरा हेहिर सत्तरीच्या, शेतापलीकडच्या छोट्या घरात राहायच्या. मागच्या बाजूला एक अभ्यासिका होती. मोठं टेबल, एक खिडकी, भिंतीतलं एक कपाट. इथे कपाटाला 'प्रेस' म्हणतात.

"प्रेसमध्ये जुने कागद आहेत," नोराबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "रेव्हरंड व्हिटनचे. तुला फ्रेंच येतं ना? बघ वेळ मिळाला तर. आजवर कुणी वाचलेच नाहीत."

विभावरीला वाटलं, प्रवचनं असतील.

ती प्रवचनं नव्हती.

डिसेंबरातल्या लांबलचक संध्याकाळी तिने ते कागद एकेक करून वाचले, आणि त्या माणसाचं आयुष्य तिला हळूहळू कळत गेलं. रेव्हरंड थिओफिलस व्हिटन. लहानपण फ्रान्समध्ये गेलेलं. १८६१ मध्ये इथे आला तेव्हा चर्चला येणारी माणसं जेमतेम वीस. रविवार सोडला तर काम नाही. मग हा काय करायचा, तर फ्रेंच वर्तमानपत्रांत क्रमशः येणाऱ्या सनसनाटी कादंबऱ्यांचं इंग्रजी करून लंडनच्या प्रकाशकाला पाठवायचा. विषप्रयोग, खोटे वारस, मठात कोंडलेल्या मुली, बंद खोलीतले खून. पुस्तकावर नाव नसायचं. पाद्र्याला असल्या पुस्तकांवर नाव घालून कसं चालेल?

एकदा बिशपला पत्ता लागला. व्हिटनने लेखी माफी मागितली, पुन्हा करणार नाही म्हणाला. त्याच आठवड्यात पुढची प्रकरणं लंडनला रवाना झाली. अशा अठरा कादंबऱ्या.

पुढे त्याची नजर अधू झाली. भिंग लावून तो एकेक फ्रेंच वाक्य मोठ्याने वाचायचा. आणि बायको, हॅरिएट, ते इंग्रजीत लिहून काढायची. रोज दुपारी. साडेतीन ते पाच.

म्हणजे खरं भाषांतर कोण करत होतं, हे विभावरीच्या तेव्हाच लक्षात आलं. पुस्तकावर त्याचं नाव नव्हतं. तिचं तर कुठेच नव्हतं.

एकोणिसावी कादंबरी अर्धी होती. हॅरिएटचं अक्षर आधी सरळ, टपोरं. मग ते उतरत गेलेलं. ओळी पानाच्या खाली घसरलेल्या. शेवटच्या पानावर एक वाक्य... 'आणि तिने दार उघडलं तेव्हा'... आणि तिथून शाईची एकच रेघ, थेट कागदाच्या कडेपर्यंत.

तारीख जानेवारी १८७९.

"फुफ्फुसांना सूज आली होती तिच्या," नोराबाईंनी नंतर अंगणात उभं राहून सांगितलं. "त्या टेबलाशीच गेली म्हणतात. तो पुढे अकरा वर्षं जगला. रोज दुपारी रिकाम्या खुर्चीसमोर वाचत बसायचा. नोकर टिकायचे नाहीत घरात."

विभावरीने कागद परत प्रेसमध्ये ठेवले.

नाताळनंतर आयर्लंडमध्ये कोविड भडकला, ते तुम्हाला आठवत असेल. शनिवारी, ९ जानेवारीला विभावरीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. नंदाकाकूंचं वय बहात्तर, शिवाय डायबेटिस. त्यांना लागण होऊन चालणार नव्हतं. बाथरूम जोडलेली खोली एकच होती.

अभ्यासिका.

मुकुलने तिथे पलंग लावला. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायचं. दिवसातून तीनदा बाहेरून विचारायचं, ऑक्सिजन किती. बोटाला लावायचं यंत्र तिच्याजवळ होतंच. मी आयर्लंडमध्येच, नास गावात राहते, पण घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. फोनशिवाय काही करता येत नव्हतं.

पहिले तीन दिवस बरे गेले. ताप, अंगदुखी, बस.

मंगळवारी दुपारी तिला जाग आली ती कुणाच्या तरी पुटपुटण्याने. तिला वाटलं, मुकुलची मीटिंग असेल.

मग शब्द कळायला लागले.

फ्रेंच होतं.

म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. सावकाश. चार शब्द, मग थांबायचं. पुन्हा चार शब्द. शाळेत शुद्धलेखन सांगतात तसं.

ती उठून बसली. आवाज टेबलाच्या पलीकडून येत होता. तिथे कुणी नव्हतं. वाक्य संपलं...

आणि शांतता पसरली. पण ती रिकामी शांतता नव्हती. समोरचा माणूस उत्तराची वाट बघत असतो ना, तशी.

पाच वाजले आणि सगळं थांबलं.

तापात भास होतात, हे तिलाही माहीत होतं. तिने कुणाला सांगितलं नाही.

बुधवारी पुन्हा साडेतीनला तेच वाक्य. तेच. पुन्हा तेच. उशी कानावर दाबली तरी तेच. पाच वाजेपर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

गुरुवारी ती टेबलाशी जाऊन बसली. कागद घेतला आणि त्या वाक्याचं इंग्रजी लिहून टाकलं, एवढ्यासाठीच की ते थांबावं.

ते थांबलं.

मग दुसरं वाक्य आलं.

"खोटं कशाला सांगू," ती मला नंतर म्हणाली, "दुसऱ्या वाक्यानंतर मला भीती वाटेनाशी झाली. ती जिथे अर्धी राहिली होती, तिथूनच गोष्ट पुढे चालली होती. त्या दारामागे काय होतं ते मला हवं होतं."

ती लिहीत राहिली.

त्या संध्याकाळी मुकुल फोनवर म्हणाला, "चारला आवाज बरा वाटला तुझा. पण काय गं, एकदम मॅडमसारखी इंग्रजीत बोललीस?"

"मी? तू कधी आलास चारला?"

"असं काय करतेस? मी विचारलं किती, तू म्हणालीस नाइन्टी-सेव्हन. क्वाइट वेल, थँक यू."

विभावरीने फोन ठेवला. लिहिण्याच्या नादात आपण बोललो असू, असं तिने मनाशी धरलं. बोटाला यंत्र लावलं.

त्र्याण्णव.

शुक्रवारी एक्याण्णव. हे मुकुलला सांगायला हवं, हे तिला कळत होतं. पण सांगितलं तर हॉस्पिटलात जावं लागेल, आणि प्रकरण संपायला थोडंच राहिलं होतं. उद्या सांगू, ती म्हणाली. शनिवारीही तेच म्हणाली. ताट तसंच बाहेर जायला लागलं. नंदाकाकू दाराबाहेरून ओरडायच्या, "विभा, दोन घास तरी खाय नं वो." आतून उत्तर यायचं नाही, किंवा यायचं ते इंग्रजीत.

मग रविवार आला.

साडेतीनलाच खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. ती टेबलाशी कशी आली, तिला आठवत नाही. श्वास अर्ध्यावरच अडकत होता. आवाज आज घाईत होता. वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू. तिचा हात चालत होता आणि ओळी...

ओळी पानाच्या खाली घसरत होत्या.

ते तिने पाहिलं आणि तिला हॅरिएटची शेवटची पानं आठवली.

तिने डाव्या हाताच्या बोटाला यंत्र लावलं. शहाऐंशी.

फोन पलंगावर होता. चार पावलांवर. तिने उठायचा प्रयत्न केला, पण पायात जीवच नव्हता.

दारावर टकटक झाली.

"विभा," मुकुलचा आवाज. "किती आहे?"

तिने तोंड उघडलं. छातीत हवाच नव्हती. ओठ नुसते हलले.

आणि तिच्या मागून... अगदी कानाशी...

तिचाच आवाज आला.

"नाइन्टी-सेव्हन. क्वाइट वेल, थँक यू."

"गुड," मुकुल म्हणाला. त्याची पावलं दूर गेली.

मान वळवून मागे बघायची तिची हिंमत झाली नाही. समोरून पुढचं वाक्य आलं. तिच्या हाताने ते लिहिलं. तिने ठरवलेलं नसताना.

तिकडे स्वयंपाकघरात नंदाकाकू चहा ठेवत होत्या. अभ्यासिकेची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत एकच, आणि ही मधली भिंत पातळ. मुकुल आत आल्यावर त्यांनी सहज विचारलं, "काय रे, विभाचं ऑफिस रविवारीही चालू राहते का?"

"नाही. का?"

"मग तो म्हातारा माणूस कोण बोलून राहिला तिच्या खोलीत? रोजच बोलते तो. मले वाटलं ऑफिसातला साहेब असन."

मुकुल भिंतीजवळ गेला. त्याने कान लावला.

त्याने काय ऐकलं ते तो आजही सांगत नाही. एवढंच सांगतो की मास्क घालायचं भान राहिलं नाही, आणि दार उघडताना आतून कुणीतरी ते दाबून धरल्यासारखं वाटलं.

विभावरी टेबलावर कोसळली होती. लॅपटॉप बंद. फोन पलंगावर. ओठ निळे. हातात पेन, आणि पेनातून कागदाच्या कडेपर्यंत गेलेली एक रेघ.

यंत्रावर आकडा होता ब्याऐंशी.

ॲम्ब्युलन्स पंचवीस मिनिटांत आली. लिमरिकच्या हॉस्पिटलमध्ये ती नऊ दिवस ऑक्सिजनवर होती. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. ऑक्सिजन इतका कमी झाला की माणसाला आवाज ऐकू येतात, हेही ते म्हणाले.

ठीक आहे. विभावरीला आले असतील. पण भिंतीपलीकडे चहा करणाऱ्या नंदाकाकूंचा ऑक्सिजन तर चांगला होता ना?

आणि ते कागद. विभावरीला आठवतं की तिने दहाबारा पानं लिहिली असतील. टेबलावर चाळीसच्या वर होती. पहिली काही तिच्या अक्षरात. पुढची तिच्या अक्षरात नव्हती. मुकुलने सगळी गोळा करून प्रेसमध्ये तळाशी ठेवली. जाळायचं धाडस झालं नाही.

विभावरीला त्या घरात परत नेलंच नाही. एनिस गावात एक फ्लॅट मिळाला, तिथे सामान हलवलं. निर्बंध सैल झाल्यावर मी तिला भेटायला गेले. बारीक झाली होती, पण हसत होती. बाल्कनीत बसलो तेव्हा मीच विषय काढला.

"तुझ्या आवाजात तो का बोलला असेल गं? आणि कसा?"



"तो नव्हता बोलत," ती म्हणाली. "मी खूप विचार केला. तो फक्त वाचत होता. उत्तर देणारी ती होती, हॅरिएट. शेवटच्या दिवसांत तिलाही दाराबाहेरून कुणीतरी विचारत असणारच ना, बरी आहेस का म्हणून? तिने तेच सांगितलं असेल. काम थांबू नये म्हणून. तिलाही ती गोष्ट पुरी करायची होती, ताई."



घराची किल्ली द्यायला मुकुल मार्चमध्ये एकटाच गेला होता. नोराबाई मास्क लावून अंगणात उभ्या होत्या. त्यांना फक्त एवढंच माहीत होतं की विभावरीला कोविड झाला. बाकी कुणी काही बोललं नव्हतं.

"कशी आहे आता?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे."

"ग्रँड, ग्रँड." इथे 'छान'ला असंच म्हणतात. त्यांनी किल्ली खिशात टाकली. मग अभ्यासिकेच्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "संपवलं का तिने?"

"काय?"

"पुस्तक."

मुकुल नाही म्हणाला. नोराबाईंनी नुसती मान हलवली. फार वाईट वाटल्यासारखी.

पुढच्याच आठवड्यात त्या घराची जाहिरात पुन्हा लागली. मी स्वतः पाहिली. शांत परिसर, चांगलं इंटरनेट, घरून काम करणाऱ्यांसाठी टेबलासह स्वतंत्र खोली. फोटोत तीच खिडकी होती. टेबल स्वच्छ पुसलेलं. खुर्ची थोडी मागे ओढलेली, कुणीतरी येऊन बसावं तशी.

मी रोज ती जाहिरात उघडून बघायचे. का, ते मलाही सांगता येणार नाही. फोन करून कुणाला काय सांगणार होते मी?

दहाव्या दिवशी जाहिरात दिसेनाशी झाली. घर गेलं होतं.

कुणी घेतलं ते मला माहीत नाही. दुपारचे साडेतीन वाजले की मी हातातलं काम ठेवते, आणि त्या माणसाला फ्रेंच येत नसू दे, एवढंच मनात म्हणते.