आडवी काडी

दक्षिण चीनमधल्या ल्यूचौ शहराच्या धक्क्यावर थाओयिंगच्या मावशीचं तेल-चहाचं इवलंसं दुकान. त्या संध्याकाळी दारात एक ओलाचिंब तरुण येऊन उभा राहिला. नदीवरची प्रवासी बोट चालवणारा नोंग खाइ. अंगावर भिजलेला गणवेश आणि चेहऱ्यावर... काय सांगावं, नुसतं हसू!

"पाऊस थांबेपर्यंत बसू का?"

"बसा की. बाक काही झिजत नाही," थाओयिंग म्हणाली आणि उगीचच लाजली.

कुरमुऱ्या-शेंगदाण्यांवर तिने तेलात परतलेल्या पानांचा कढत चहा ओतला, खायला एकच काडी दिली. त्याने वाडगा संपवला. तिने पुन्हा भरला. त्याने पुन्हा संपवला. आता पोट भरलं की काडी वाडग्यावर आडवी ठेवायची, ही थाओयिंगच्या दोंग जमातीची रीत त्या च्वांग पोराला कोण सांगणार? ती भरतेय, हा बिचारा रिचवतोय!

"अहो, जीव घेता का माझा?"

"मग काडी आडवी ठेवा ना!"

ती खळखळून हसली. शेजारच्या गोगलगाय-शेवयांवाल्या हान काकू हसल्या, समोरची लोणचंवाली म्याओ आजीसुद्धा चांदीची कर्णफुलं हलवत हसली. धक्का म्हणजे असाच, चार जातीजमातींचा आणि एकाच हसण्याचा!

मग नोंग रोजच येऊ लागला. रीत आता ठाऊक होती, पण काडी काही आडवी होईना.

"किती सुंदर आहे हो तुमचं शहर," एकदा ती नदीकडे बघत म्हणाली. "तीन बाजूंनी पाणीच पाणी!"

"पाणी तुमच्याच डोंगरातून येतं. इथवर येतं आणि पुढे जाववत नाही त्याला... म्हणून एवढा वळसा घालतं."

"पाण्याला जाववत नाही, की बोटवाल्याला?"

"बोटवाल्याचं काय विचारता..." म्हणाला, आणि वाडगा पुढे केला. एवढं बोलतो, पण हवं ते बोलेल तर शपथ!

आणि मग डोंगरातल्या गावाहून आईचा फोन आला. मुलगा बघितलाय, रविवारच्या सकाळच्या गाडीने निघून ये. शनिवारी नोंग आला तेव्हा मावशीनेच त्याला सगळं सांगून टाकलं. थाओयिंगने वाडगा भरला. आज तरी बोल रे... आज नाही तर कधीच नाही!

त्याने एकच वाडगा संपवला आणि काडी आडवी ठेवली.

तिला रडूच कोसळलं. "झालं? भरलं पोट?"

"हो. पाहुणचार पुरे झाला आता."

तो उठला. दाराकडे मात्र गेलाच नाही! बाह्या सरसावून मोरीपाशी बसला आणि उष्टे वाडगे घासू लागला.

"अगंबाई! पाहुण्याने वाडगे घासायचे?" मावशी ओरडली.

"पाहुणा कोण आहे इथे?" त्याने मान वर केली. कान लालेलाल झाले होते. "थाओयिंग, तू मला आवडतेस. उद्या मीही गाडीत बसतो. तुझ्या आईला कितीही ओतू दे, ती हो म्हणेपर्यंत काडी आडवी ठेवणार नाही."

"आई फार भरभरून वाढते हं..." डोळे पुसत ती हसली. "मरशील."

"मरेन. तू येशील ना सोबत?"

"मरायला?"

"छे गं... जन्मभर."

पदर खोचावा तशी तिने आपल्या निळ्या ॲप्रनची गाठ घट्ट केली, त्याच्या शेजारी बसली आणि पुढचा वाडगा घासायला घेतला.