दोन इंचांचं खोटं

टोर्नॅडो अर्ध्या मिनिटात गल्लीवरून गेला आणि जाताना मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानाचं छप्पर घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी त्या बोडक्या दुकानात ती आली... गळ्यात कॅमेरा, हातात वही. पडझडीच्या नोंदी करणारी फोटोवाली. तिच्या कामाचा नियम असा, की प्रत्येक फोटोत मापाची काठी उभी हवी, म्हणजे भेग किती मोठी ते कळतं. आणि काठी तर सकाळीच ढिगाऱ्यात मोडलेली.

"काठीच्या जागी तुम्ही उभे राहता? उंची किती तुमची?"

तिशीतल्या मास्तरांनी छाती फुगवली. "पाच फूट दहा."

झालं! रोज लोकांची मापं घेणारा माणूस स्वतःचं माप दोन इंच वाढवून मोकळा. का? तर ती स्वतः पाच-आठची होती, आणि हसली की तिच्या गालाला खळी पडायची. आणखी कारण कशाला हवं?

चार दिवस मास्तर तिच्याबरोबर घरोघर हिंडले. भिंतीकडे बघा, हलू नका, असं ती सांगायची आणि हे उभे. दुकानावर ताडपत्री टाकायची सोडून लोकांच्या भेगा मोजत फिरतोय, म्हणून मास्तरांच्या थोरल्या ताईने घर डोक्यावर घेतलं.

उद्या ती जाणार होती. आवराआवर करता करता सहज म्हणाली, की याच मापांवरून इंजिनीअर ठरवतील, कुठलं घर राहण्याजोगं आणि कुठलं पाडायचं. मास्तरांना आपले वाढवलेले दोन इंच आठवले. तोंड उघडलं तर ही हातची जाणार, नाही उघडलं तर कुणाचं तरी घर.

"मी... मी पाच-आठ आहे," ते म्हणाले. "खोटं बोललो. तुम्हाला आवडावं म्हणून."

मास्तरांच्या गळ्यातली टेप तिने काढली, त्यांना दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं. इतकी जवळ, की मास्तर श्वास घ्यायचे विसरले.

"टाचा खाली," ती म्हणाली. मग आकडा वाचला. "पाच-साडेसात."

मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एक आकडा बदलला की सगळ्या नोंदी सुधारतील, असं तिने कोरडेपणाने सांगितलं आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. एकशे बारा फोटो. एकातही मास्तर भिंतीकडे बघत नव्हते. सगळीकडे बघत होते ते तिच्याकडेच.

"ऑफिसात सगळे बघणार हे," ती हळूच म्हणाली. "उंची सुधारता येते... पण हे कसं सुधारू?"

"नका सुधारू."

गालाला खळी पडली. टेप तिने परत दिलीच नाही, स्वतःच्याच गळ्यात टाकली. रिपोर्ट उद्या जाईल, मी नाही, म्हणाली. मग वर उघड्या आभाळाकडे बघत तिने विचारलं, ताडपत्री बांधायला माणसं किती लागतात?

"दोन," मास्तर म्हणाले. या खेपेला आकडा खरा होता.